डीएफ आणि डीयू यांच्या हिशोबातील तफावत

गेल्या महिन्यात मी सांभाळत असलेल्या एका लिनक्स सर्व्हरची डिस्क भरली. डिस्कवरील वापरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी डीएफ ही कमांड चालवली, तेव्हा ४० जीबीच्या पार्टिशनमधील ३८ जीबी वापरात असून शिल्लक शून्य असल्याचे तिने दाखवले. उरलेले २ जीबी कुठे गेले, याचे उत्तर सोपे होते : ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवरील फाइलची मांडणी सांभाळणारी व्यवस्था) सुरुवातीलाच सुमारे पाच टक्के जागा रूट म्हणजे प्रशासक वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. खरा पेच पुढे होता, कारण त्याच पार्टिशनवर डीयू या फाइलनिहाय जागा मोजणाऱ्या कमांडने केलेली बेरीज २१ जीबीच्या पुढे जाईना.

या दोन्ही कमांड १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. डीएफ फाइल सिस्टिमलाच विचारते की एकूण ब्लॉक (साठवणुकीच्या जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे) किती आणि मोकळे किती. म्हणून तिचे उत्तर क्षणात येते. डीयू मात्र एकेका डिरेक्टरीत शिरून प्रत्येक फाइलने व्यापलेले ब्लॉक मोजत जाते, त्यामुळे ती वेळ घेते आणि जिचे नाव कोणत्याही डिरेक्टरीत उरलेले नाही अशी फाइल तिला दिसत नाही.

अशीच एक फाइल येथे होती. लिनक्समध्ये फाइल पुसली की केवळ तिचे नाव जाते. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती उघडी ठेवलेली असेल, तर ती बंद होईपर्यंत ब्लॉक मोकळे होत नाहीत. आदल्या आठवड्यात मी स्वतः एक अवाढव्य लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) पुसली होती, पण तिच्यात लिहिणारी सर्व्हिस चालूच होती. उघड्या फाइलची यादी देणाऱ्या एलएसओएफ या कमांडला ‘+एल१’ हा पर्याय देताच ती फाइल ‘डिलीटेड’ अशा शेऱ्यासह यादीत आली, आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केल्यावर १७ जीबी जागा परत मिळाली. चालू लॉग पुसण्याऐवजी ट्रंकेट या कमांडने आकार शून्यावर आणणे हाच योग्य मार्ग होता.

जागा शिल्लक दिसूनही नवी फाइल तयार होत नसेल, तर ‘डीएफ -आय’ ने आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) संपले आहेत का ते पाहावे; लाखो लहान फाइल साठल्या की असे होते. डिरेक्टरीनिहाय शोधासाठी मला एनसीडीयू हे डीयूसारखेच, पण पडद्यावर यादी दाखवणारे साधन अधिक सोयीचे वाटते, कारण एकदा मोजणी झाली की बाणांच्या कळांनी आत-बाहेर जाता येते. तेथेही ‘-एक्स’ हा पर्याय मी नेहमी देतो, म्हणजे जोडलेली दुसरी डिस्क चुकून मोजणीत येत नाही.