काही दुखत नव्हते, तरी तपासणी केली

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात आशाताई तिशीपुढच्या बायकांचे अर्ज भरत घरोघरी फिरत होत्या, तेव्हा मी ४१ वर्षांची होते आणि मला कसलाही त्रास नव्हता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घेणार म्हटल्यावर सासूबाईंनी विचारले, "काहीच दुखत नही, मंग दवाखानामा कसाले जास?" त्यांचा प्रश्न साऱ्या गावाचाच होता. अंगावरून पांढरे जाणे आमच्या बायका कपाशी वेचता वेचता वर्षानुवर्षे सोसतात आणि फारच झाले की 'पिशवी काढून टाका' म्हणतात; मधली पायरी कोणाला ठाऊकच नसते.

ती पायरी मला उपकेंद्रात कळली. परिचारिकेने गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावले, मिनिटभर थांबून पाहिले आणि एक भाग पांढरा पडल्याचे सांगितले. दुखले नाही, संकोच मात्र खूप वाटला. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, हे तिने दोनदा बजावले, तरीही ती रात्र मी जागून काढली.

पुढे जळगावला दुर्बिणीतून पाहून त्या भागाचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढला. दहा दिवसांत मिळायचा अहवाल महिन्याने मिळाला आणि त्यासाठी दोनदा रिकाम्या हाताने परतावे लागले. रोजंदारीवरची बाई तपासणी अर्ध्यावर सोडते ती इथेच, असे माझे ठाम मत झाले आहे.

अहवालात कर्करोगापूर्वीचे बदल निघाले. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला की असे बदल होतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा १५ ते २० वर्षे जातात, म्हणजे आपल्या हाती वेळ असतो, असे डॉक्टरबाईंनी समजावले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली होती, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हेही त्यांच्याकडूनच कळले. जागा बधिर करून तारेच्या कडीने तेवढाच भाग काढला आणि संध्याकाळी मी घरी आले. पिशवी जागेवरच राहिली.

वर्षाने पुन्हा बोलावले आहे. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी हळूच विचारले, पाळी गेलेल्या बाईचीही तपासणी होते का. त्या ६२ वर्षांच्या आहेत आणि सरकारी कार्यक्रम ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे, म्हणून पुढच्या शिबिरासाठी त्यांचे नाव मी आशाताईंकडे दिले आहे.