आमची वाटचाल : डीटीपीच्या खोलीतून विज्ञानकथेकडे

विज्ञानकथा छापायच्या असं ठरवून आम्ही काही सुरू केलं नव्हतं. १९९७ साली नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर मी डीटीपीचं काम घेऊ लागले. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि वडिलांकडून उसने घेतलेले पैसे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, व्रतांच्या पोथ्या, जे येईल ते जुळवायचं. त्यातच एका निवृत्त इंजिनिअर काकांची वही आली. स्वखर्चाने कथासंग्रह काढायचा होता त्यांना. तिसऱ्या कथेतला नायक मंगळावरून पुण्यातल्या बायकोशी फोनवर कडाकडा भांडत होता.

टाइप करता करता काहीतरी खटकलं, पण नेमकं सांगता येईना. रात्री नवऱ्याला विचारलं. तो तेव्हा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. म्हणाला, "रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. मंगळ अगदी जवळ असला तरी आवाज पोचायला तीन मिनिटं. सूर्याच्या पलीकडे असला तर बावीस. टोमणा मारला की उत्तर यायला पाऊण तास. कसले भांडतायत!"

दुसऱ्या दिवशी भीत भीत सांगितलं, "काका, हे भांडण असं होणार नाही." मला वाटलं चिडतील. त्यांनी वही मागून घेतली आणि आठवड्याने परत आणून दिली. आता बायको एकदाचं सगळं बोलून टाकते, फोन तसाच ठेवून स्वयंपाकाला लागते, कुकर होतो, धाकटा जेवून झोपतो, आणि मग त्याचं पहिलं वाक्य येतं. तोवर तिचा राग ओसरलेला असतो. त्याचा मात्र आत्ताच सुरू झालेला. सगळ्या संग्रहात तीच कथा जमली. मी बिल फक्त अक्षरजुळणीचं लावलं. संपादनाचे पैसे घेतात हेच माहीत नव्हतं.

मग वाचायला लागले. मराठी विज्ञान परिषदेची १९७४ची विज्ञानकथा स्पर्धा कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, तर इथेही सांगते. जयंत नारळीकरांनी आपली 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं नाव! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हाताने उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांना जगताप कोण हे ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची दखल घेतली.

आमच्याकडे आजही कथा नाव झाकून वाचली जाते, ती यामुळेच. कथा आली की माझी सहकारी पहिलं पान काढून ठेवते आणि वर नंबर टाकते. या रिवाजापायी एका नावाजलेल्या लेखकाची कथा मी साभार परत पाठवली आहे आणि सख्ख्या दिराचीही. लेखकाने दोन वर्षांत माफ केलं. दिराचं अजून चालू आहे.

विज्ञानकथेचं संपादन म्हणजे विज्ञान तपासणं, असा समज असतो. तेवढंच असतं तर नवऱ्याने एकट्याने केलं असतं. 'कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी' असं लिहिलेलं दर चौथ्या कथेत सापडतं. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे, हे खोडून दुरुस्त करायला मिनिट लागतं. अवघड असतं ते लेखकाला विचारणं, की बाबा रे, तुझ्या गावात माणसं झोपेशिवाय जगू लागली, मग रात्रपाळीचा भत्ता राहिला का? अंथरूण विकणाऱ्याचं काय झालं? सासू पहाटे कुणाला उठवते? कथेत एक अशक्य गोष्ट मी बिनतक्रार मान्य करते. पण तिच्यामुळे घरातलं जे जे हलतं ते लेखकाने बघितलेलं असलं पाहिजे. मी तीन-तीन पानी पत्रं लिहिते. काहीजण ती वाचून बोलणं टाकतात.

आता आमची चूक. जुन्या फाँटमधल्या फाइली युनिकोड या सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणताना र्‍ह, र्‍य तुटतात हे माहीत होतं, त्यामुळे ते डोळ्यांत तेल घालून बघितले. घातांकांकडे लक्षच गेलं नाही. आपल्या आकाशगंगेत '१० चा ११ वा घात' इतके तारे, हे मूळ पानात १० वर बारीक ११ चढवून लिहिलं होतं. बदलताना ११ खाली उतरले. पुस्तकात छापून आलं, 'आकाशगंगेत १०११ तारे'. पुस्तक बाजारात गेल्यावर सातवीतल्या एका मुलीचं पोस्टकार्ड आलं : "बाकीचे तारे कुठे गेले?" उरलेल्या सगळ्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी हाताने चिकटवली. तेव्हापासून मोठे आकडे आम्ही अक्षरी छापतो : शंभर अब्ज.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. एका आवृत्तीच्या पाचशे प्रती, त्याही संपायला दोन-तीन वर्षं. दुकानदाराचं कमिशन वजा केलं की छपाई निघते. एका दुकानात आमची पुस्तकं वर्षानुवर्षं बालविभागात लावलेली असत. यानाचं चित्र दिसलं की पोरांचं, असा हिशेब. घर अजूनही अहवाल आणि पत्रिकांवर चालतं.

मानधन मात्र छपाईच्या आधी देतो. ह्यूगो गर्न्सबॅक या माणसाने एप्रिल १९२६मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. मूळचा धंदा रेडिओच्या सामानाचा. लेखकांचे पैसे थकवण्याबद्दल त्याची ख्याती इतकी, की लोक वैतागलेले असत. १९२९मध्ये कंपनी बुडाली, मासिक हातचं गेलं. त्याच वर्षी पठ्ठ्याने दुसरं उभं केलं! आज या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. आमच्या नावाने कुणी पुरस्कार देणार नाही, तेव्हा पैसे तरी वेळेवर दिलेले बरे.

फेब्रुवारी २०२३मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकी मासिकाला यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ कथा घेणंच थांबवावं लागलं. आमच्याकडे लोंढा नाही, चार-पाच थेंब आले. ओळखायला वेळ लागला नाही. सगळ्यांतली सासू शहाणी होती.

ते इंजिनिअर काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या महिन्यात त्यांची नवी कथा आली, नंबर १४ म्हणून. नाव झाकलेलं होतं, पण कुकर होताच. मी सहकारीला म्हटलं, ही तू वाच.