तुम्ही विचारलंत म्हणून: रॉबर्ट केरी संधिसाधू होता का?

"राणीचं प्रेत थंड व्हायच्या आत जो नव्या धन्याकडे धावला, त्या माणसाचं तुम्हाला एवढं काय कौतुक?" न्यूकॅसलला आमच्याकडे येणारे पाहुणे हे विचारतातच, कारण एडिनबर्गच्या वाटेवर विड्रिंग्टन आलं की रॉबर्ट केरी या जुन्या इंग्रज दरबाऱ्याचं नाव काढल्याशिवाय मला राहवत नाही. स्टेशन मागे पडतं, उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

प्रश्नातली घटना खरी आहे. २४ मार्च १६०३, गुरुवारच्या पहाटे रिचमंडच्या राजवाड्यात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ वारली. शनिवारी रात्री केरी एडिनबर्गच्या होलीरूड राजवाड्यात स्कॉटलंडचा राजा जेम्स याच्यासमोर गुडघे टेकून त्याला इंग्लंडचा राजा म्हणत होता. सुमारे ४०० मैल, तीन दिवसांच्या आत. मंत्रिमंडळाची परवानगी नव्हती. वाटेत सरहद्दीवरच्या नॉरमपाशी तो घोड्यावरून पडला आणि वर त्याच घोड्याची लाथ डोक्यात बसली, तसाच रक्तबंबाळ पुढे गेला. कोणाचं पत्र आणलंस, असं राजाने विचारलं तर पत्र नव्हतंच. बहिणीने दिलेली निळ्या खड्याची अंगठी त्याने पुढे केली. जेम्सला तेवढी खूण पुरली.

एवढंच ऐकलं तर माणूस संधिसाधूच वाटतो. पण त्याच्या आधीची दहा वर्षं त्याने कुठे काढली, ते कोणी विचारत नाही.

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवर दोन्ही बाजूंना तीन-तीन सुभे होते. त्यांना मार्च म्हणत, आणि प्रत्येकावर एक वॉर्डन. १२४९ पासून या पट्ट्याचा कायदाच वेगळा. दोन राजांपेक्षा इथे आडनावांचा अंमल जास्त: आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहम, चार्लटन. उन्हाळाभर चरून गुरं तयार झाली आणि रात्री लांबल्या, की धाडींचा मोसम सुरू. कोणी कोणाची गुरं हाकलायची, कोणाचा पिढीजात दावा कोणाशी, कोण कोणाला खंडणी देतो, हे ज्याला पाठ नाही त्याने इथे वॉर्डन होऊ नये. ज्याची गुरं गेली त्याला सहा दिवसांच्या आत सरहद्द ओलांडून पाठलाग करायची मुभा होती, फक्त उघडपणे: शिकारी कुत्री, शिंग आणि भाल्याच्या टोकाला जळाऊ मातीचं पेटतं ढेकूळ. लपून गेलात तर तुम्हीही चोर.

केरी इथे आला १५९३ मध्ये, सरहद्दीच्या पश्चिम टोकाच्या कार्लाइलला मेहुणा लॉर्ड स्क्रोप याचा नायब म्हणून. त्याचा बाप लॉर्ड हन्सडन, राणीचा जवळचा नातेवाईक आणि पूर्व टोकाच्या बेरिकचा जुना गव्हर्नर. हा त्याचा धाकटा मुलगा. दरबारी, अंगावर भारी कपडे, खिशात कर्ज. १५८९ मध्ये त्याने पैज लावून लंडनहून बेरिकपर्यंत बारा दिवसांत चालत जाऊन दोन हजार पौंड जिंकले होते. १५९३ मध्ये सरहद्दीवर आल्यावर त्याने एका विधवेशी लग्न केलं. राणी चिडली. तेव्हा त्याच्या डोक्यावर हजार पौंडांच्या आसपास देणं होतं.

पुढे बेरिकला बापाचा नायब असताना समोर पडला सर रॉबर्ट केर. एकाचं नाव केरी, दुसऱ्याचं केर. पाहुणे इथे हमखास गोंधळतात, म्हणून सांगतो: केर स्कॉटिश, पलीकडचा वॉर्डन. केरीने भेटीगाठी ठरवायला त्याच्याकडे माणूस पाठवला. केरने त्याची मोठी सरबराई केली, पाजलं, झोपवलं. मग रात्री दहाएक स्वार घेऊन इंग्लंडात घुसला, एका खेड्यात कोणाला तरी घरातून ओढून दारातच ठार केलं आणि परत येऊन झोपला. सकाळी पाहुण्याच्या हाती पत्राचं उत्तर देऊन त्याला रवाना केलं. दोन्हीकडे कायद्याचे रखवालदार म्हणून नेमलेले ते हे.

काही दिवसांनी केरचा लाडका माणूस जॉर्डी बॉर्न धाडीत सापडला. पंचांनी त्याला दोषी ठरवलं, पण बेरिकचे शहाणे लोक केरीला म्हणाले, घाई नको, केर काय देऊ करतो ते बघू. केरीने फाशी एक रात्र लांबवली. त्या रात्री आपल्याच एका नोकराचे कपडे चढवून, दोन माणसं बरोबर घेऊन तो कोठडीत गेला. आम्ही चाकर माणसं, गप्पा मारायला आलोय, असं सोंग. बॉर्न मोकळेपणी बोलत गेला: सात इंग्रज आपल्या हाताने मारले, चाळिसावर लोकांच्या बायका नासवल्या, आयुष्य चोरीत, दारूत आणि क्षुल्लक अपमानांचे सूड उगवण्यात गेलं. आता एखादा धर्मोपदेशक मिळाला तर बरं, असंही म्हणाला. केरीने धर्मोपदेशक पाठवला आणि सकाळी फाशी दिली. हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, जराही आवाज न चढवता.

आता पुढचं ऐका. पुढे करारानुसार ओलीस द्यायची वेळ आली, केरला ते जमलं नाही, तेव्हा त्याला स्वतः इंग्रजांच्या ताब्यात यावं लागलं. कोणाकडे राहायचं? त्याने निवडला केरी. ज्याने आपला माणूस लटकवला, त्याच्याच घरी हा कैदी म्हणून आला आणि दोघांची दोस्ती झाली. मला तर यात नवल वाटत नाही. दगाफटका होणार नाही अशी जागा त्या मुलखात मित्राकडे असेलच असं नव्हतं.

१५९६ मध्ये कार्लाइलच्या किल्ल्यातून किनमंट विली या कैदेतल्या धाडवाल्याला स्कॉटिश लोकांनी पळवलं, तेव्हा मेहुणा स्क्रोपची अब्रू गेली. दोन्ही बाजू तंटे मिटवायला भेटतात त्या सलोख्याच्या दिवशी धरू नये असा माणूस धरला होता, त्याचं ते फळ. केरी १५९८ पासून मधल्या मार्चचा पूर्ण वॉर्डन. १६०१ च्या उन्हाळ्यात त्याने आर्मस्ट्राँगांच्या मागे जाऊन माळावर छोटासा गढीवजा कोट आणि झोपड्या उभ्या केल्या. धाडवाले टॅरसच्या दलदलीतल्या जंगलात बसले होते. तिथून त्यांनी निरोप धाडला: तू हॅगिससारखा आहेस, कापल्याबरोबर निघते ती पहिली वाफ तेवढी कडक. हॅगिस म्हणजे मेंढीच्या पोटात भरून शिजवलेलं काळीज-फुप्फुस. हिवाळा आला की जाशील, असा त्याचा अर्थ. लोक तर असंही सांगतात की त्यांनी केरीच्याच मुलखातून गुरं पळवली आणि त्यातली एक गाय त्याला भेट पाठवली, रसद कमी पडत असेल म्हणून! ही दंतकथा असेल, पण त्या लोकांना शोभणारी आहे.

केरीने हिवाळ्याची वाट पाहिली नाही. दीडशे स्वार रात्री लांबच्या वाटेने स्कॉटलंडच्या आत शिरले. वाट दाखवणाऱ्याचं तोंड गुंडाळलेलं होतं, तो कोण हे बरोबरच्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पलीकडच्या वाटा रोखल्या, पहाटे अलीकडून मोठा जमाव चालून गेला आणि पाच म्होरके हाती लागले.

हे सगळं ज्या नोकरीसाठी, ती राणीच्या श्वासावर टांगलेली. राणी मेली की नेमणूक संपली, पगार संपला, कर्ज तेवढं राहिलं. तिचं आजारपण बघून आपली काय गत होईल याची धास्ती वाटली, हे त्याने लपवलेलं नाही. वर जो नवा राजा होणार, त्याच्याच प्रजेला तो दहा वर्षं पकडत आणि लटकवत आला होता. जेम्सकडे त्याची कागाळी करायला किती जण टपले असतील! कोणी बोलायच्या आधी आपण पोहोचावं, असं त्याला वाटलं नसतं तरच नवल.

आणि त्या प्रसिद्ध दौडीत तो एका ठिकाणी थांबला, ते कोणी सांगत नाही. शुक्रवारी रात्री तो विड्रिंग्टनला, बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या घरी, मुक्कामाला होता. तिथे त्याने नायबांना बजावलं की सरहद्द शांत ठेवा, आणि विड्रिंग्टन, मॉर्पेथ, अ‍ॅनिक या तिन्ही ठिकाणी जेम्सच्या नावाची द्वाही फिरवायचा हुकूम दिला. मगच पुढे निघाला. राजा नाही म्हणजे कायदाही नाही, असं मानून धाडवाले उठणार हे त्याला पक्कं माहीत होतं. पश्चिमेकडे ग्रॅहम वगैरे मंडळी तशी उठलीही.

गंमत अशी, की या दौडीने त्याचं कामच संपलं. दोन्ही बाजूंना एकच राजा आला, मग सरहद्द कसली? मार्चचा कायदा मोडीत निघाला आणि तो पट्टा जेम्सच्या लेखी राज्याचा मध्य झाला. केरीला होलीरूडला राजाच्या शयनगृहातली मानाची जागा मिळाली, ती लंडनला पोहोचताच काढूनही घेतली गेली. धावून मिळवलं काय, तर जवळपास काहीच नाही.

त्याचं नशीब फिरवलं ते बायकोने. जेम्सचा धाकटा मुलगा चार्ल्स इतका अशक्त होता की त्याला सांभाळायची हौस असलेल्या थोर बायका त्याला बघून मागे सरल्या. एलिझाबेथ केरीने त्याला घेतलं. पोराचे पाय लटपटत होते, बोलणं फुटत नव्हतं. राजा म्हणाला, लोखंडी बूट घाला, जिभेखालची शीर कापा. ती हटून बसली आणि दोन्ही होऊ दिलं नाही. मूल चाललं, बोललं, आणि १६२५ मध्ये राजा झालं. १६२६ मध्ये त्याने रॉबर्ट केरीला मनमथचा अर्ल केलं.

तर संधिसाधू होता का? होता, आणि बाकीच्यांपेक्षा वेगाने घोडा हाकणारा होता. पण अर्लपदाचं श्रेय त्या दौडीला देऊ नका. माझ्या मते ते बाईच्या त्या दोन नकारांचं.