सहावा रकाना

शाळेतल्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर पट्टीने रेघा मारून आम्ही नाक्याची नोंदवही केली होती. अनुक्रमांक, वेळ, गाडीचा नंबर, चालकाचं नाव, कुठून कुठे, कारण, सही. सात रकाने. रेघा मीच मारल्या होत्या आणि कारणाला जेमतेम दीड इंच जागा सोडली होती. ती किती अपुरी आहे ते पहिल्याच दिवशी कळलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. जनगणना, निवडणुका, पोलिओ असं सगळं करून झालं होतं. २०२०च्या एप्रिलमध्ये चेकपोस्टची ड्युटी लागली. मिरज-पंढरपूर रस्त्यावर नागज मागे टाकून पुढे गेलं की सांगली जिल्हा संपतो आणि सांगोला तालुका लागतो, पलीकडे जुनोनी. त्या हद्दीवर एक मांडव, दोन बॅरिकेड, पाण्याचा जार, शाळेतूनच उचलून आणलेलं टेबल. माणसं तीन: हवालदार, होमगार्ड आणि मी. तोंडाला बायकोने जुन्या परकराच्या कापडाचा शिवून दिलेला मास्क.

वातावरण तंग होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कोरोनाचे पहिले चार रुग्ण २३ मार्चला कळले आणि आठवडाभरात आकडा पंचविशीत गेला. सांगलीची गाडी म्हटली की पलीकडची माणसं दहा पावलं मागे सरायची. त्याच सुमारास जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर सगळं बंद. कोण जाऊ शकतं आणि कोण नाही, याची यादी माझ्या मोबाइलवर होती. पहिली यादी, तिच्यावर पुरवणी, पुरवणीवर पुरवणी. २४ मार्चच्या पहिल्या यादीत फळं, भाजी, दूध, औषधं, बँका, पेट्रोल पंप होते. शेतातली कामं आणि खतं-बियाणं-कीटकनाशकांची दुकानं २७ तारखेच्या पुरवणीत आली. ती मी जवळजवळ पाठ केली होती. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

लोकांची कारणं ऐकताना शाळेतच बसल्यासारखं वाटायचं. वीस वर्षं ‘गुरुजी, आजी आजारी होती’ ऐकलेल्या माणसाला सासऱ्याची तब्येत लगेच ओळखू येते. एकाने मेडिकलची चिठ्ठी दाखवली. तारीख २०१७ची! म्हटलं, तीन वर्षं औषध घेतलं नाहीस, अजून एक आठवडा काढ. एका पांढऱ्या गाडीच्या काचेवर ‘अत्यावश्यक सेवा’ असा छापील कागद होता, आत चार तरुण आणि मटणाची पिशवी. मटण यादीत होतं, हेही खरंच.

मला सांगायचाय तो दिवस ६ एप्रिलचा, सोमवार. आदल्या रात्री नऊ वाजता सगळ्यांनी दिवे लावले होते, आमच्या टेबलावरही कुणीतरी विझलेली पणती ठेवून गेलं होतं. चैत्री एकादशी दोन दिवसांपूर्वी होऊन गेलेली. एरवी त्या दिवसांत पंढरपूरच्या त्या रस्त्यावर दिंड्या, जीपा, टपावर पताका. त्या वर्षी रस्त्यावर कुत्री आडवी पसरलेली.

साडेअकराच्या सुमारास तासगावकडून एक मोटरसायकल आली. मागे दोन निळे कॅन दोरीने आवळलेले, टाकीवर पांढऱ्या पावडरीची पिशवी. हवालदारांनी काठी आडवी धरली. दारूची दुकानं बंद होऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्या दिवसांत कॅन दिसला की पोलिसाचा हात आधी बुचाकडे जायचा.

“काय आहे?”

“डिपिंग ऑइल, साहेब.”

“खत?”

“न्हाई.”

“औषध?”

“तसं औषध न्हवं. बेदाण्याचं तेल हाय.”

‘औषध’ म्हणाला असता तर सुटला असता. कीटकनाशक यादीत होतं. पण माणूस सरळ, खरं ते सांगत बसला. हवालदार शिराळ्याकडचे, भाताच्या मुलखातले. त्यांनी बेदाणा खाल्लेला, होताना कधी पाहिलेला नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “गुरुजी, यादीत आहे का बघा.”

यादीत कुठून असणार? दिल्लीत बसून ती यादी करणाऱ्याला जुनोनीच्या माळावरची बेदाणा वाळवायची शेड कशी दिसावी? पण मी द्राक्षाच्या घरातला. आमचा एकरभर थॉमसनचा मळा आहे आणि लहानपणी मीही क्रेट बुडवलेत. मी हवालदारांना समजवायला लागलो. त्या साली ऐन काढणीत व्यापारी मळे सोडून निघून गेले, गाड्या थांबल्या, खायचा माल झाडावरच राहिला. मग ज्याला त्याला बेदाणाच सुचला. नागज-जुनोनीच्या या पट्ट्यात पाऊस कमी आणि हवा कोरडी, म्हणून शेड इथे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो असेपर्यंत आतलं पाणी बाहेर पडत नाही. लिटरभर पाण्याला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे ती पांढरी पावडर, आणि पंधरा मिली हे तेल. त्यात घड बुडवून काढला की मेण सुटतं आणि जाळीवर पसरलेला माल पंधरा-वीस दिवसांत वाळतो. नाही बुडवला तर क्रेटमध्येच गरम होऊन पाणी सुटतं आणि वास मारायला लागतो.

“तुमची द्राक्षं कुठायत?” मी विचारलं.

“रातीच गेली की गुरुजी, हितनंच. तीनशे क्रेट. शेडवर पडल्यात. बायका पहाटेपासनं बसून हायत.”

मी वही उलटली. रात्रपाळीच्या नोंदीत होती. पिकअप, तासगाव ते जुनोनी, कारण: फळे. द्राक्षं अत्यावश्यक ठरून पार झाली होती आणि तेल अलीकडे अडकलं होतं.

हवालदारांचं समाधान होईना. तेव्हा त्या शेतकऱ्याने आमच्याच जारमधून पेलाभर पाणी घेतलं, पिशवीतली चिमूटभर पावडर टाकली आणि कॅनच्या बुचातून तेलाचे थोडे थेंब सोडले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मग शर्टाच्या खिशातून त्याने रुमालात गुंडाळलेला लहानसा घड काढला. बहुतेक दुकानदाराला माल दाखवायला नेला असावा. मण्यांवर ती नेहमीची धुरकट पांढरी लव होती. त्याने घड पेल्यात बुडवला, वर काढला, झटकला. लव गेली होती. मणी ओल्या काचेसारखे हिरवे लखलखत होते. हवालदारांनी एक मणी बोटाने चोळून बघितला, बोट हुंगलं आणि काठी बाजूला केली.

“लिहा गुरुजी. पण सही तुमची.”

मी सहाव्या रकान्यात ‘शेतीकाम, बेदाणा’ असं लिहिलं. अनुक्रमांक ३१. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगली होती. पेला मी तीनदा धुतला, तरी दिवसभर पाण्याला तेलकटपणा राहिला.

जेवणाचे डबे उघडले तेव्हा सायकलवरून एक काका आले. साठीच्या पुढचे, पांढरा पायजमा, तोंडाला उपरणं. कॅरिअरला रेक्झिनची बॅग. होमगार्डने उघडायला सांगितली. वस्तरा, ब्लेडची दोन पाकिटं, पितळेची वाटी, तुरटीचा खडा, इस्त्री केलेलं पांढरं कापड.

“कुठं निघालात मामा?”

“पल्याड दहावा हाय. डोकी करायचीत.”

त्यांनी गाव सांगितलं, हद्दीपासून चार किलोमीटर. त्या घरचं काम पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडेच. त्या गावात सलूनवाला होता, पण भीतीने येईना. मयत रोगाने नव्हती, वय होऊन गेलेला माणूस. पाच भाऊबंद, एवढीच डोकी.

सलून बंद, हे माझ्या यादीला धरून होतं. अंत्यविधीला वीसच माणसं, हेही होतं. दहाव्याबद्दल चकार शब्द नव्हता आणि डोकी करणाऱ्याबद्दल तर नाहीच. मी मनात हिशेब मांडला. सांगली जिल्ह्यातला माणूस पाच माणसांच्या तोंडाशी अर्धा अर्धा तास श्वास घेणार आणि संध्याकाळी माघारी येऊन घरात मिसळणार. मी म्हटलं, “मामा, नाही जमणार.”

“सोडा की गुरुजी,” हवालदार म्हणाले. “मेलेल्याचं काम आहे.”

सकाळी काठी आडवी धरणारा हाच माणूस! आणि मेण, साल, कार्बोनेट यांवर पाठ देणारा मी, आता मोबाइल पुढे करून त्यांना ओळी वाचून दाखवत होतो. ते वाचत बसले नाहीत. पोळीचा तुकडा मोडत एवढंच म्हणाले, “तुमच्या घरी कधी दहावा झालाच नाही का?”

झाला होता. वडिलांचा, सहा वर्षांपूर्वी. घाटावर मी मान खाली घालून बसलो होतो, मानेवर गार पाण्याचा हात, पहिला वस्तरा फिरला तेव्हा पुढ्यात पडलेले केस. सगळं आठवलं, आणि तरीही मी नाहीच म्हटलं. आजही तो निर्णय साफ चुकला असं मी म्हणणार नाही. पुढे जूनच्या अखेरीस सलून उघडली तीही फक्त केस कापायला, दाढीला मनाईच होती, म्हणजे भीती एकट्या माझ्या डोक्यातली नव्हती. पण तेलाच्या बाजूने मी जेवढा भांडलो त्याच्या निम्माही त्या वस्तऱ्याच्या बाजूने भांडलो नाही. मळा घरचा होता ना.

काकांनी वाद घातला नाही. कापडाची घडी पुन्हा नीट केली, बॅग बंद केली. “त्यांना फोन तरी लावून देता का? माझ्यातला बॅलन्स संपलाय.” मी लावून दिला. पलीकडे कुणी बाई होती. काका म्हणाले, “न्हाई सोडत. तुम्ही घरातल्या घरात कात्री लावून घ्या. चालतंय, कायबी हुत न्हाई.” मग सायकल वळवून आल्या रस्त्याने गेले. चढ होता, थोडं पुढे जाऊन उतरले आणि हातात धरून चालत निघाले.

दुपारी दोनला सांगोल्याकडून एक गाडी आली. मिरजेला डायलिसिसला निघालेले आजोबा, मागच्या सीटवर आडवे. तिथे विचारण्यासारखं काही नव्हतंच.

पाळी संपताना हवालदारांनी वरिष्ठांना फोनवर आकडे दिले. एकूण वाहनं किती, पासवाली किती, बिनपासाची किती. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “परत पाठवलेले किती?”

मी वही चाळली. ३१वर डिपिंग ऑइल, ३२वर डायलिसिस. मध्ये एक रेघ होती, माझ्याच पट्टीची.

“त्याचा रकाना नाही,” मी म्हटलं.