बेंटिऊतले पाच महिने, आणि तिथे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

रुबकोनाच्या धावपट्टीवर उतरताना खिडकीतून आधी पाणीच दिसतं. मग मातीचा एक बांध, बांधाच्या आत ताडपत्र्यांची दाट वस्ती आणि बाहेर क्षितिजापर्यंत पुन्हा पाणी. २०२२ चा जानेवारी होता, म्हणजे तिकडचा ऐन कोरडा मोसम. पण दक्षिण सुदानला २०१९ पासून ओळीने पूर येत होते आणि २०२१ चं पाणी ओसरलंच नव्हतं. बेंटिऊ आणि रुबकोना ही जोडशहरं बेट झाली होती. चराऊ कुरणं गेली, ज्वारीची शेतं गेली, गुरं मेली. माणसं होड्यांतून छावणीत येत होती.

मी पाणीपुरवठ्याची इंजिनिअर, माहेर इचलकरंजीचं. एका मदतसंस्थेच्या कामावर जानेवारी ते जून मी तिथे होते. संस्थेचं नाव देत नाही, सहकाऱ्यांचीही नाही. मी परत आले, पण ते तिथेच राहतात, आणि कुणी काय बोललं हे तिथे कुणाच्या जिवावर बेतू शकतं. तुम्ही जाऊन आल्यावर लिहाल तेव्हा हे पहिलं लक्षात ठेवा.

ही छावणी कशी झाली ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय तिथली एकही गोष्ट कळत नाही. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. अडीच वर्षांत, १५ डिसेंबर २०१३ ला, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदावरून काढलेले उपाध्यक्ष रिएक मचार यांच्या सैनिकांत राजधानी जुबामध्ये लढाई पेटली. एक डिंका जमातीचे, दुसरे न्यूएर. काही दिवसांत माणसाची जमात पाहून घरात शिरून मारणं सुरू झालं. लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे धावले आणि शांतिसेनेने फाटकं उघडली. एप्रिल २०१४ मध्ये बंडखोरांनी बेंटिऊ घेतलं, तेव्हा काली-बाल्ले मशिदीत आसऱ्याला आलेल्या दोनशेहून अधिक नागरिकांची कत्तल झाली. रुबकोनाच्या तळाशेजारी तात्पुरती म्हणून उभी राहिलेली वस्ती लाखाच्या वर गेली. २०१८ मध्ये शांतता करार झाला, २०२० मध्ये संयुक्त सरकार आलं, २०२१ मध्ये छावणी शांतिसेनेकडून सरकारच्या अखत्यारीत गेली. लोक मात्र घरी गेले नाहीत. आधी भीती होती, नंतर घरच पाण्याखाली गेलं.

जमीन आपल्या ओळखीची आहे. काळी, कापसाची, विदर्भात असते तशी. उन्हात हात जाईल इतक्या भेगा आणि पहिल्या पावसात टाचेला धरून ठेवणारा चिखल. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर रस्ते बंद. धावपट्टी कच्ची असेल तर एका सरीनंतर विमान येत नाही. त्यामुळे परतीचं तिकीट काढताना जुबामध्ये तीन-चार दिवस मोकळे ठेवाच, आणि ज्या गोष्टीवाचून तुमचं चालणार नाही, मग ते रक्तदाबाचं औषध असो की चष्मा, ती दुप्पट न्या.

तिथे आमचं काम बांधाच्या आतल्या पाण्याचं. बांधाचा मोठा भाग शांतिसेनेतल्या पाकिस्तानी इंजिनिअर तुकडीने रचलेला, पण रोजची डागडुजी छावणीतल्या बाया हातांनी करत. पाट्या भरून चिखल, त्यावर पोती. पाझर दिसला की कुणाच्या आदेशाची वाट नाही. बांधाच्या आत पाऊस पडला तर तो पंपाने बाहेर काढायचा, आणि संडासांचा मैला उपसून टाकायलाही जागा आतच शोधायची. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका तोटीवर जास्तीत जास्त २५० माणसं, वीस जणांमागे एक संडास, हे आमच्या क्षेत्रातले किमान निकष. माणसं वाढतात आणि बांध रुंद होत नाही, तेव्हा त्यातला कुठला आधी मोडू द्यायचा हे रोज ठरवावं लागतं. मोडायचाच तर संडासाचा मोडू नका, असं माझं मत झालं आहे. कारण तिथे मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ होती.

इचलकरंजीत २०१२ मध्ये हीच कावीळ पाण्यातून पसरली होती. आमच्या गल्लीतही माणूस गेला होता. हा आजार गरोदर बाईला सर्वांत भारी पडतो. शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर चारातली एक दगावू शकते. उद्रेकाला आवर घालण्यासाठी या कावीळीची लस जगात पहिल्यांदा टोचली गेली ती बेंटिऊत, मार्च २०२२ मध्ये, देशाचं आरोग्य खातं आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदतसंस्था यांच्याकडून, आणि त्यात गरोदर बायाही होत्या. त्या दिवसांत मी रांगांजवळच्या तोट्यांवर क्लोरीन मोजत होते. पोटुशा बाया उन्हात हात पुढे करून उभ्या होत्या. लशीचा शोध लागून दहा वर्षं होऊन गेली होती आणि ती इथवर पोचायला इतका काळ लागला, याचा राग मला अजून येतो. पाण्याचं काम करायला जात असाल तर क्लोरीन तपासायच्या गोळ्या आणि पूल टेस्टर (त्या टाकून रंगावरून क्लोरीन मोजायची छोटी डबी) स्वतःचा ठेवा. तोटीवर आकडा बरोबर असणं पुरत नाही. घरातल्या डब्यात चार तासांनी किती उरलं ते मोजा. आमच्याकडे घोटाळा तिथेच होता.

आता तोटीची गोष्ट. फेब्रुवारीत आम्ही बांधालगत एक नवं तोटीकेंद्र बांधलं. उतार चांगला, दाब चांगला, जुन्या केंद्रावरची गर्दी निम्मी व्हायला हवी होती. झाली नाही. दुपारनंतर नव्या तोट्यांवर चिटपाखरू नसे आणि जुन्या ठिकाणी रात्रीपर्यंत रांग. तीन आठवडे मी दाब आणि वेळापत्रक यांतच कारण शोधत राहिले. शेवटी आमच्या टीममधल्या न्यूएर सहकारिणीने मला संध्याकाळी तिथे चालत नेलं. वाटेत बंद पडलेल्या संडासांची एक ओळ होती. दिवा नाही, पलीकडे बांध, बांधापलीकडे होडी लावायला सोपी जागा. ती एवढंच म्हणाली, "तू इथून रोज कळशी घेऊन येशील?" चूक माझी होती. जागा ठरवताना मी उतार मोजला होता, बायांना विचारलं नव्हतं. आम्ही केंद्र आत घेतलं, सौरदिवे लावले, मोडकी ओळ पाडली. आठवड्यात रांगा सारख्या झाल्या.

ही भीती हवेतली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये, शांतता करारानंतर दोनच महिन्यांनी, धान्य घ्यायला गावांतून बेंटिऊकडे चालत निघालेल्या बायांवर वाटेत हल्ले झाले. दहा दिवसांत १२५ स्त्रिया आणि मुली डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या दवाखान्यात उपचाराला आल्या. चालत जाण्याचं अंतर हा तिथे मानवी हक्कांचा प्रश्न आहे. सरपणाचंही तेच. पुरुष रानात गेला तर मारला जाईल, म्हणून बाई जाते. हा हिशेब घराघरांत झालेला असतो. म्हणून धान्यवाटपाची जागा, वेळ, सरपणाची वाट, संडासाला आतून कडी आहे की नाही, हे सगळं बायांच्या गटासोबत बसून ठरवा. बैठकीला फक्त गटप्रमुख पुरुष आले असतील तर ती बैठक झाली असं धरू नका. आणि बाया बोलायला लागल्यावर दुभाषीही बाईच हवी.

तुमचं काम पाण्याचं असो की धान्याचं, कधी ना कधी एखादी बाई तुम्हाला तिच्यावर काय झालं ते सांगेल. विचारू नका, पण सांगितलं तर ऐका, आणि ती आपणहून सांगत नसेल तर तपशील खोदू नका. वहीत नाव लिहू नका. दवाखाना कुठे आहे आणि तिथे तिच्यासोबत कोण येऊ शकतं हे पहिल्या दिवशीच माहीत करून घ्या, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तिथे पोलिसांचा आठ नंबरचा फॉर्म नावाची एक गोष्ट आहे, अशा अत्याचाराची नोंद करायची. तो भरल्याशिवाय उपचार मिळत नाहीत अशी समजूत वर्षानुवर्षं पसरली आहे, आणि काही ठिकाणी तसंच वागवलंही गेलं आहे. उपचारासाठी फॉर्म सक्तीचा नाही, हे तिकडच्या अधिकाऱ्यांनीच स्पष्ट केलेलं आहे. हे एक वाक्य अरबीत आणि न्यूएरमध्ये पाठ करून ठेवा. माझ्या पाच महिन्यांत पाइपांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला, असं मला वाटतं.

न्याय मागायचा तर कुठे, असं बाया विचारत. मानवी हक्क परिषदेने २०१६ मध्ये नेमलेला आयोग पुरावे गोळा करून जपतो आहे. करारात कबूल केलेलं आफ्रिकन युनियनसोबतचं संमिश्र न्यायालय मात्र उभं राहिलं नाही. तेव्हा साक्षीची भाषा करून आशा लावू नका. ते काम त्यासाठी शिकलेल्या माणसांचं आहे.

प्रवासाचं आता. मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून जुबा हा सोपा मार्ग. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत मिळते, आणि ती एकदा घेतली की जन्मभर पुरते. लशीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टलाच बांधून ठेवा. ते नसेल तर परत येताना भारतात विलगीकरणात बसावं लागतं. हिवतापाची प्रतिबंधक गोळी एकही दिवस चुकवू नका. तिथला हिवताप मेंदूपर्यंत जाणारा आहे. जुबामध्ये उतरल्यावर परकीय म्हणून नोंदणी करा आणि आपल्या दूतावासालाही कळवा.

डॉलर नव्या मालिकेचे, कोरे, न दुमडलेले न्या. शाईचा ठिपका असलेली नोट कुणी घेत नाही. जुबाहून पुढे मदतकार्याच्या विमानात सामानाला वजनाची कडक मर्यादा असते. कडक सुटकेस नको, मऊ पिशवी घ्या. गमबूट मात्र हवेतच. मला ऐनवेळी दोन पुस्तकं जुबात ठेवावी लागली, त्याचं वाईट वाटलं. बूट ठेवले असते तर कामच थांबलं असतं. फोटो काढू नका: विमानतळ, नाईलवरचा पूल, सैनिक, तपासणी नाका, यांचा तर कधीच नाही. छावणीत परवानगी असली तरी मुलांकडे मोबाइल रोखण्याआधी आईकडे पाहा.

संस्थेच्या वायरलेस रेडिओवर सुरक्षेसाठी द्यायची संध्याकाळची हजेरी चुकवू नका. एक छोटी पिशवी भरून दाराशी ठेवा: पासपोर्ट, पाणी, औषधं, विजेरी. जुलै २०१६ मध्ये जुबात सैनिकांनी मदतकर्मचाऱ्यांच्या हॉटेलवर हल्ला केला होता. २०१८ मध्ये लष्करी न्यायालयाने दहा सैनिकांना शिक्षा दिली, पण त्या दिवशी तासन्‌तास फोन करूनही सोडवायला कुणी आलं नव्हतं. संकटात कुणीतरी धावून येईल, हे धरून चालू नका.

भाषेत थोडंसं पुरतं. न्यूएरमध्ये 'माले' म्हणा, चेहरा बदलतो. वयाने मोठ्या बाईला जुबा अरबीत 'मामा' म्हणतात. भारतीय म्हणून ओळख असते. मलाकाल शहरात आणि जोंगलेई राज्यात शांतिसेनेतल्या आपल्या तुकड्या राहिल्या आहेत, आणि एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेईत आपले पाच जवान मारले गेले. तेलाचा विषयही निघतो. ओएनजीसी विदेशने २००३ मध्ये याच पट्ट्यातल्या तेलक्षेत्रांत २५ टक्के वाटा घेतला होता. तेल निघतं आणि गावात दिवा नाही, हे ऐकताना मी गप्प बसायला शिकले.

जेवणाची चिंता मराठी माणसाने करू नये. ज्वारी आहे. न्यूएर बाया ज्वारीच्या पिठाच्या बारीक गोळ्या वाफवून वालवाल करतात आणि दुधाशी खातात. आंबवलेल्या पिठाचा किसरा तर आपल्या आंबोळीच्या घरातला. पण कुणाच्या झोपडीत ताट पुढे आलं तर घास-दोन घासच घ्या. रेशन २०२१ मध्येच निम्म्यावर आलं होतं. कुपोषित मुलांची दंडघेर मोजायची तीन रंगांची पट्टी तीच, जी मेळघाटातल्या अंगणवाडीत असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. पोषण केंद्रात त्या पट्टीवर लाल आलं की आया आमच्याकडे बघत नसत, पट्टीकडेच बघत राहत.

जूनमध्ये मी निघाले, त्याच महिन्यात जागतिक अन्न कार्यक्रमाने पैशाअभावी १७ लाख लोकांची मदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी धान्यटंचाईच्या महिन्यांत ७७ लाखांवर लोक तीव्र उपासमारीत होते. त्यानंतर सुदानच्या युद्धातून पळालेले लाखो लोक उत्तरेच्या सीमेवरून आले. मार्च २०२५ मध्ये मचार नजरकैदेत गेले आणि पुन्हा लढाई भडकली. ३ मे २०२५ ला ओल्ड फांगाक गावातल्या रुग्णालयावर बॉम्ब पडले. त्यामुळे माझ्या रस्त्यांच्या आणि विमानांच्या माहितीवर विसंबू नका. निघण्याच्या आठवड्यात, तिथे प्रत्यक्ष असलेल्या माणसाला विचारा.

तोटीवर देखरेख करणारी बाई अधूनमधून सहकारिणीच्या फोनवरून निरोप पाठवते. शेवटचा निरोप असा होता: दिवे चालू आहेत, चौथी तोटी गळते, वॉशर मिळत नाही. अर्ध्या इंची रबरी वॉशर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतात, वजनाला काहीच नाहीत. पिशवीच्या कप्प्यात दोन मुठी टाकून घेऊन जा.