दोनवरून निघालेली रेष

ग्राफीन म्हणजे कार्बनची एका अणूइतकी पातळ जाळी; तिच्या एकाच फ्लेकचे, म्हणजे पापुद्र्याचे, दोन तुकडे करायचे आणि एकमेकांवर १.१ अंशाने फिरवून बसवायचे, हे माझं काम. पॉलिकार्बोनेटच्या ठशाने आधी बोरॉन नायट्राइड उचलायचं, त्याने पहिला तुकडा, मग स्टेज किंचित फिरवून दुसऱ्यावर टेकवायचं. टेकवताना मी अजूनही श्वास रोखून धरते. उष्णता थोडी जास्त झाली तर थर सरकून सरळ होतात, फुगा आला तर कोन जागोजागी बदलतो.

या सँपलमध्ये फुगा होता. "ताई, टाकूया हे," ज्युनियर म्हणाला होता. मला टाकवेना.

मच्छरदाणी दुहेरी झाली की तिच्यात मोठी नक्षी तरळते, तशी या दोन जाळ्यांतूनही एक नक्षी तयार होते. तिचं एक घर सुमारे १३ नॅनोमीटरचं. या कोनाला ऊर्जापट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांचे पट्टे, सपाट होतात हे भाकीत २०११ चं. २०१८ मध्ये एमआयटीत यात अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं, सापडली. मी मात्र चुंबकीय क्षेत्रात काय होतं ते बघत होते.

डायल्यूशन फ्रिज, म्हणजे सँपल निरपेक्ष शून्याच्या जवळ नेणारं यंत्र, थंड झाला होता. क्षेत्र ८ टेस्लापर्यंत चढवत, दर पायरीला गेट व्होल्टेज फिरवून इलेक्ट्रॉनांची घनता बदलत, पडद्यावर घनता आणि क्षेत्राच्या आलेखात रेषांचा पंखा उमटत होता. शून्य घनतेवरून निघणाऱ्या लँडाऊ पातळ्यांच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या ठरलेल्या पायऱ्यांच्या, रेषा अपेक्षितच होत्या. पहाटे साडेतीनला त्यांच्या पलीकडे आणखी एक गडद रेष दिसली. ती खाली वाढवून पाहिली, तर शून्यावर पोचेना. पोचत होती दोनवर, म्हणजे नक्षीच्या दर घरात दोन इलेक्ट्रॉन जिथे भरतात तिथे.

गेटचा हिशेब चुकला असणार, असं वाटलं. पुन्हा केला. तोच आला. रेषेच्या उतारावरून चर्न अंक, म्हणजे काठाने वाहणाऱ्या वाटा मोजणारा पूर्णांक, निघाला दोन. मग त्याच जागचा हॉल रोध, म्हणजे प्रवाहाला आडव्या दिशेने मोजलेला रोध, पाहिला: १२.९ किलोओहम. त्यातूनही दोनच. एक मोजमाप इलेक्ट्रॉनांच्या घनतेचं, दुसरं रोधाचं, आणि दोन्ही एकाच पूर्णांकावर!

आतला भाग बंद, प्रवाह फक्त काठाकाठाने. मधला फुगा, वाकडी कड, सगळ्याला वळसा घालून तो जात होता, आणि त्या अंकाला अर्धवट होताच येत नव्हतं. हे मी वर्गात शिकले होते, पण माझ्या हातच्या डागाळलेल्या सँपलमध्ये पाहिल्यावर डोळे भरून आले.

सातला ज्युनियर आला. काही न बोलता त्याने खिशातली पट्टी काढून पडद्यावर रेषेला लावली, खालचं टोक पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला. मी ८ टेस्लावरून शून्याकडे उलटा स्वीप लावला.