पूर ओसरल्यावर गावाला बाटल्यांपेक्षा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) द्या

पूर ओसरला की खरी काळजी प्यायच्या पाण्याची, आमच्या शिरोळ तालुक्यात कुणालाही विचारा. कृष्णा-पंचगंगा नरसोबावाडीला मिळतात, त्यामुळे 2005, 2019, 2021 प्रत्येक वेळी पाणी इथं तुंबलं की लवकर हलत नाही. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेलेली, धोक्याची पातळी 45 फूट आहे म्हणजे बघा. कोल्हापुरात शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ बंद. चहूकडं पाणी आणि टँकरपुढं घागरींची रांग.

अशा वेळी पुण्या-मुंबईकडून बाटल्यांचे ट्रक येतात. लोक मनापासून पाठवतात, पहिले दोन-चार दिवस त्यावरच निघतात, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण हिशोब करा, आपत्तीत पिणं, स्वयंपाक, अंघोळ-धुणं धरून माणशी रोज किमान 15 लिटर पाणी लागतं असं मानतात, म्हणजे पाच माणसांच्या घराला 75 लिटर. ते बाटल्यांनी कसं भागणार? आणि ट्रक यायचे थांबतात नेमकं तेव्हाच लोक छावणीतून घरी परततात आणि गावच्या विहिरीचं, बोअरचं पाणी सुरू होतं. साथ येते ती या दिवसांत.

त्या विहिरीत काय काय गेलेलं असतं ते सांगायला नको, संडासाच्या टाक्या, उकिरडे, मेलेली जनावरं, सगळ्यावरून पाणी फिरून आलेलं. म्हणून आधी मोटर लावून उपसा करायचा, गाळ काढायचा, नवीन पाणी भरू द्यायचं आणि मगच टीसीएल. गढूळ पाण्यात टीसीएल टाकलं तर त्यातला क्लोरीन चिखलातच संपून जातो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच ठिकाणी घाईघाईत पिशवी फोडून पावडर सरळ विहिरीत ओततात, तसं करू नका प्लीज. बादलीत पावडर कालवायची, एका बादलीला 100 ग्रॅमच्या वर नाही, पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं ठेवलं की चुना खाली बसतो, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायचं आणि ती बादली दोरीनं विहिरीत सोडून वरखाली हलवायची. चुना फेकून द्यायचा.

प्रमाण 1000 लिटरला अडीच ग्रॅम, चांगल्या पावडरचं, साथीच्या दिवसांत दुप्पट. 5 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर साधारण 78 हजार लिटर होतं, म्हणजे एरवी 200 ग्रॅमच्या आसपास आणि पुरानंतर 400. एवढीशी पावडर! मग तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं, नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला पाहिजे. रंग आला नाही तर परत टाका. आणि ही टेस्ट शेवटच्या घराच्या नळाला पण करा, नुसती टाकीपाशी नको, कारण सप्लाय बंद असताना पाइपात दाब नसतो आणि जिथं लिकेज असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. काविळीची साथ काय करते ते इचलकरंजीनं 2012 ला बघितलंय, पूर नसताना.

पाणी उकळून प्या असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण ज्या घरात गॅस वाहून गेलाय, लाकडं भिजलीत, तिथली बाई पाच माणसांचं पाणी कशावर उकळणार हो? तिथं क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची (क्लोरीनच्या द्रावणाची) बाटली घरोघरी द्यायला पाहिजे, आणि आशाताईंनी एकदा समोर करून दाखवायला पाहिजे, हंड्यात तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, फडक्यानं गाळायचं, औषध टाकायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. पाण्याला वास येतो म्हणून खूप लोक ते ओतून देतात, विशेषतः म्हातारी माणसं. मावशी, तो हलका वास येतोय म्हणजे औषध अजून पाण्यात आहे, ते पाणी तुम्ही प्या, नातवाला पण द्या, असं जवळ बसून सांगितलं की ऐकतात. पत्रक वाटून कुणी ऐकत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती टीसीएल ठेवण्याच्या पद्धतीची. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. गावोगावी पोती पंचायतीच्या खालच्या खोलीत, फरशीवर, म्हणजे पूर आला की पहिलं तेच भिजणार. मेच्या ग्रामसभेत एवढं तरी विचारा, टीसीएल कधीचं आहे, कुठं ठेवलंय, ओटीचं औषध शिल्लक आहे का, आणि जलसुरक्षकाला (गावच्या पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या माणसाला) आजारपण आलं तर त्याच्या जागी कोण. पोतं पुराच्या रेषेच्या वर, शाळेच्या माडीवर, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात हलवायला एक दुपार पुरते.